उताऱ्यात उरलेली पत्रे

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी दप्तर आहे. त्यातल्या ८२५ ते ८२८ क्रमांकांच्या खंडांत पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे आहेत, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे. खंड उघडले की समोर येतात ती टंकलिखित इंग्रजी पाने. उताऱ्याच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचे नाव किंवा हुद्दा, त्याची पलटण, तो जिथे पडून आहे त्या रुग्णालयाचे नाव, पत्र कोणाला आणि कुठे जायचे, मूळ भाषा, तारीख. खाली काही ओळींचा मजकूर. शिपायाच्या हातचा, किंवा त्याने ज्याच्याकडून लिहून घेतला त्याच्या हातचा, कागद जवळजवळ कुठेच नाही. तो घरी पोचला असेल, नाहीतर वाटेत अडवला गेला असेल. दप्तरात राहिला तो उतारा.

म्हणून कोणताही उतारा वाचण्याआधी तो किती हातांतून आला ते मोजावे. जखमी शिपाई बोलला, हा पहिला टप्पा. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हते. शेजारच्या खाटेवरचा शिकलेला सोबती, पलटणीतला मुन्शी किंवा वाय.एम.सी.ए.चा कार्यकर्ता यांच्यापैकी कोणीतरी ते बोलणे कागदावर उतरवले. सेन्सॉरच्या कचेरीत त्याचा इंग्रजी तर्जुमा झाला. आणि त्यातले काय ठेवायचे, काय गाळायचे, हे आणखी एका माणसाने ठरवले. चार हात तरी झालेच. यांतल्या पहिल्या दोघांना ठाऊक होते की वाटेत कोणीतरी आपले पत्र वाचणार आहे. ही शेवटची गोष्ट विसरली तर सगळे वाचनच चुकते.

लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरली, मीरत डिव्हिजन तिच्या मागोमाग आली. ऑक्टोबर सरता सरता दोन्हींतले लोक फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत होते. टपालावर नजर ठेवण्याची कल्पना निघाली ती या शिपायांच्या पत्रांमुळे नव्हे. अमेरिकेतल्या गदर पक्षाचे साहित्य बाहेरून त्यांच्यापर्यंत पोचेल, ही सरकारची भीती होती. म्हणजे सुरुवातीला संशय होता तो येणाऱ्या टपालावर. हे काम कॅप्टन इव्हलिन हॉवेल या राजकीय खात्यातल्या अधिकाऱ्याकडे आले. कचेरी आधी रूआँ इथे होती, मग बुलोनला गेली. बाहेरून येणारे वाचता वाचता आतून जाणारेही वाचले जाऊ लागले, आणि हॉवेल दर आठवड्याला अहवाल लिहू लागला. शिपायांचा कल काय, धीर किती, कुरकुर कशाची, हे लिहायचे आणि पुराव्यादाखल शंभरएक उतारे जोडायचे.

इथे थोडे गणित करू. मार्च १९१५ च्या सुमारास फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. त्यांतले शंभर उतारे दप्तरात गेले असे धरले, तर शंभर ते दोनशे पत्रांमागे एक आपल्यापर्यंत आले. तेही सहज हाताला लागले म्हणून आले नाही. कोणाला तरी ते नोंदवण्याजोगे, बहुधा खटकण्याजोगे, वाटले म्हणून आले. ‘मी बरा आहे, पैसे पोचले का, बैलाला काय झाले’ एवढेच ज्यात होते, त्या पत्राचा उतारा कोण कशाला करील? युद्धातले सर्वांत नेहमीचे पत्र पुराव्यात सर्वांत दुर्मीळ झाले आहे.

गाळणी आणखी एक आहे. उतारा म्हणजे मधलाच मजकूर. मायना आणि शेवट बहुधा कापलेले. त्या काळचे मराठी पत्र डोळ्यांपुढे आणा. तीर्थरूपांच्या चरणी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील कुशल, तिकडील कळवीत जावे. मग घरातल्या एकेकाचे नाव घेऊन मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. पंजाबी, गढवाली, पठाण शिपायांच्या पत्रांतही या जातीचे क्षेमकुशल असेच. तपासणाऱ्याच्या लेखी ते नुसते रिवाजाचे शब्द, कामाचा मजकूर नव्हे. घरी मात्र ‘इकडील कुशल’ एवढे ऐकण्यासाठीच पत्राची वाट पाहिली जात होती. माझ्या मते या दप्तरातली सर्वांत मोठी गळती हीच.

आता रुग्णालये. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात तीन जागा हिंदी जखमींसाठी घेतल्या होत्या. एक रॉयल पॅव्हिलियन हा जुना राजवाडा, शेजारच्या डोम आणि कॉर्न एक्स्चेंज या इमारतींसह. दुसरी यॉर्क प्लेसची शाळा. तिसरी गावातले अनाथ-निराधारांचे वर्कहाउस, ज्याला किचनर हिंदी रुग्णालय असे नाव दिले गेले. पहिले जखमी डिसेंबर १९१४ मध्ये आले. पॅव्हिलियनमध्ये सातशेवर खाटा होत्या. स्वयंपाकघरे नऊ, धर्म आणि जात पाहून वेगवेगळी. प्रत्येक वॉर्डात हिंदूंना आणि मुसलमानांना पाण्याचे निराळे नळ. शिखांच्या गुरुद्वाऱ्यासाठी आवारात तंबू. हा तपशील नगरपालिकेच्या आणि लष्कराच्या कागदांत आहे, छायाचित्रांतही दिसतो. त्यात शंका घेण्यासारखे काही नाही.

या रुग्णालयातून गेलेले १ मे १९१५ चे एक पत्र बऱ्याच अभ्यासकांनी वापरले आहे. ५९व्या रायफल पलटणीतल्या एका शीख शिपायाने ते आपल्या मित्राला लिहिले. काळजी करू नये, खायला चार वेळा मिळते, दूधही मिळते, गोरे लोक रात्रंदिवस खाटेशी असतात, राजाचे सिंहासन जिथे होते तिथेच आमचे रुग्णालय आहे आणि आम्हाला फुलासारखे जपतात, असा त्याचा आशय. हे खोटे नाही. पण यातला ‘राजाचा वाडा’ जरा तपासून पाहू. पॅव्हिलियन बांधला तो चौथ्या जॉर्जने, युवराज असताना. व्हिक्टोरिया राणीने तो १८५० मध्ये ब्रायटन शहराला विकून टाकला. १९१४ मध्ये ती नगरपालिकेची मिळकत होती. पंचम जॉर्जने आपला राहता वाडा शिपायांसाठी सोडला, असे घडलेच नव्हते. तरी शिपायांच्या मनात ही समजूत पक्की बसली आणि कोणी ती खोडून काढण्याच्या भानगडीत पडले नाही. ब्रायटनच्या नगरपालिकेने १९१५ मध्ये पॅव्हिलियनचा छोटेखानी इतिहास छापून शिपायांना वाटला. तो तीन भाषांत आहे: इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दू. मराठी शिपायाला हातात घेऊन स्वतः वाचता येईल अशी चौथी लिपी त्यात नाही. ही नोंद मनात असू द्या, पुढे लागेल.

या फुलासारख्या जपणुकीच्या शेजारी दुसरा उतारा ठेवू. २४ जानेवारी १९१५ ला इंग्लंडमधल्या एका जखमी शिपायाने नातेवाइकाला कळवले की याला लढाई समजू नका, हा जगाचा अंत चालला आहे. महाभारतात पूर्वजांचे जे युद्ध सांगितले आहे तसलेच हे. रुग्णालयांचे अहवाल वाचून या माणसाचा अंदाज आला नसता. दोन्ही पत्रे खरी आहेत. एकात खाटेभोवतालचे दिसते, दुसऱ्यात खाटेवर येण्यापूर्वीचे.

बोलायचे पण उघड बोलायचे नाही, अशा वेळी आडपडदा आला. त्याचा सर्वांत गाजलेला नमुना मिरीचा. एका शिपायाने घरी कळवले की काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतात, पण काळीच अधिक तिखट. काळी म्हणजे हिंदी पलटणी, लाल म्हणजे गोऱ्या. सेन्सॉरला हे उलगडायला वेळ लागला नाही. इंग्रजी तर्जुम्यात दोन्हीकडे एकच शब्द येतो. यावरून माझा एक तर्क आहे, आणि तो तर्कच समजावा: मूळ वाक्य हिंदुस्तानी धाटणीच्या भाषेत असावे, जिथे काळी मिर्च आणि लाल मिर्च या एकाच शब्दाच्या दोन जाती आहेत. मराठीत मिरी वेगळी, मिरची वेगळी. मराठी माणसाच्या तोंडी हा संकेत असा जुळला नसता.

हॉवेलने स्वतः टिपलेली एक गोष्ट मला या सगळ्यांहून बोलकी वाटते. रुग्णालयांतून जाणाऱ्या पत्रांत कविता वाढल्या आहेत, हे त्याने अहवालात लिहिले आणि ते मन बिघडत चालल्याचे वाईट लक्षण ठरवले. पाळत ठेवणारा माणूस, पण वाचक चांगला. शिपाई साध्या वाक्यात जे बोलू शकत नव्हता, ते त्याने पद्यात घातले, हे हॉवेलने ओळखले. मात्र त्या कविता त्याला अडवाव्याशा वाटल्या की जाऊ द्याव्याशा, याला एक उत्तर नाही. त्याचे धोरण एकंदरीत सैल होते. बहुतेक पत्रे पुढे जाऊ दिली जात. फारच निराशेची किंवा भरती बिघडवणारी तेवढी ठेवून घेत, नाहीतर त्यांतल्या ओळी खोडत. पत्रांचा ओघ थांबला तर शिपाई आणखी खचेल, हे त्याला कळत होते.

एकाच घटनेचे दोन कागद शेजारी ठेवण्याची संधी इतिहासात क्वचित मिळते. इथे ती मिळते. २५ ऑगस्ट १९१५ ला पॅव्हिलियनच्या हिरवळीवर पंचम जॉर्जने जमादार मीर दस्तला व्हिक्टोरिया क्रॉस दिला. त्या समारंभाची छायाचित्रे आहेत, वृत्तपत्रांतली वर्णने आहेत. आणि मीर दस्तने आपल्या पलटणीतल्या माणसाला पाठवलेल्या पत्राचा उताराही आहे. पदक फार मोठे आहे, हे तो मान्य करतो. पण एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ छातीत गेलेला विषारी वायू त्याला स्वस्थता देत नाही, त्याने आपल्याला संपवले, असे तो लिहितो. छायाचित्रात वायू दिसत नाही. एवढ्यासाठी तरी सेन्सॉरचे अहवाल लिहिणाऱ्यांचे आभार मानावे लागतात.

आता तो प्रश्न, ज्याच्यासाठी मी या दप्तरापाशी आलो. यात मराठी माणूस कुठे आहे?

आधी पलटणी पाहू. मराठ्यांच्या नावाच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी फ्रान्सला गेल्याच नाहीत. त्या मेसोपोटेमियात होत्या आणि कूतच्या वेढ्यात सापडल्या. फ्रान्समध्ये मराठे होते ते मुख्यतः खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकांच्या कंपन्यांत, शीख आणि मुसलमान सोबत्यांबरोबर. शिवाय १०७व्या पायोनियरसारख्या पलटणींत. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावावर ४७व्या शीख पलटणीबरोबर या दोन कंपन्या चालून गेल्या. बोगदे खणणारे, पूल बांधणारे हे लोक त्या दिवशी पायदळासारखे घराघरांतून लढले. त्यांचा एकही गोरा अधिकारी धडधाकट परतला नाही. ब्रायटन उघडायला तेव्हा महिन्याहून जास्त अवकाश होता. तेव्हा त्या दिवसाचे जखमी आधी फ्रान्समधल्या किंवा इंग्लंडमधल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णालयात गेले असले पाहिजेत. त्यांतले काही पुढे ब्रायटनला आले असतील, हा अंदाज.

मग उताऱ्यांच्या माथ्यावरची भाषा पाहू. उर्दू, गुरुमुखी आणि हिंदी यांची दाटी आहे. ‘मराठी’ हा शब्द फार थोड्या ठिकाणी येतो. याचा अर्थ मराठे कमी लिहीत, असा काढायचा का? मला तसे वाटत नाही. मराठ्यांची संख्या मुळात कमी, हे एक कारण. दुसरे, मराठी वाचणारा माणूस कचेरीत रोज हजर असण्याची गरज कमी. तिसरे कारण लिपीचे असावे. त्या काळी घरगुती पत्र मोडीत लिहिण्याची चाल होती, आणि दुसऱ्याच्या हातची मोडी म्हणजे ती लिपी येणाऱ्यालाही कधी कधी कोडेच. आणि चौथे: मराठा शिपायाला मराठी लिहिणारा सोबती खाटेजवळ मिळाला नाही, तर त्याने हिंदुस्तानी बोलून उर्दूत लिहून घेतले असणेही शक्य आहे. पॅव्हिलियनच्या पुस्तिकेतली ती न सापडणारी लिपी आठवा. तसे झाले असेल, तर सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या घरी मुलाचे पत्र परक्या लिपीत येऊन पडले असेल, आणि ते वाचून घ्यायला कोणाकडे तरी जावे लागले असेल. यातले पहिले कारण पक्के. बाकीची तीन तर्काची, जोराच्या उतरत्या क्रमाने मांडलेली.

ब्रायटनच्या कागदांत एक मराठी आडनाव मात्र ठळक आहे, आणि ते शिपायाचे नव्हे. किचनर रुग्णालयाचा प्रमुख कर्नल ब्रूस सेटन कडक शिस्तीचा होता. भिंतींवर काटेरी तार, दारांवर पहारा. रोगी काय, हिंदी कर्मचारी काय, बाहेर पडायचे तर परवानगीने आणि देखरेखीखाली. गावातल्या गोऱ्या स्त्रियांशी संबंध येऊ नये, ही मुख्य चिंता होती. तिथल्या एका हिंदी कर्मचाऱ्याच्या पत्रात, हिंदुस्थानातले कैदी अंदमानला पाठवतात, आमचे अंदमान इथे इंग्लंडात निघाले, असा आशय आहे. त्याच रुग्णालयातल्या गोडबोले नावाच्या सब-असिस्टंट सर्जनने १९१५ मध्ये सेटनवर पिस्तूल रोखले. त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले की कार्यकारण आपोआप जुळते असे वाटते. पण एकाच्या पत्रातला राग दुसऱ्याच्या हातातल्या पिस्तुलाचा पुरावा होत नाही. एवढे म्हणता येईल की त्या भिंतींच्या आत हा राग एकट्याचा नव्हता.

याच सेटनने आणखी एक काम केले, ते त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. हिंदी शिपाई सुटका व्हावी म्हणून स्वतःला जखमा करून घेतात, असा वरिष्ठांत संशय होता. सेटनने एक हजार जखमांची तपासणी करून गुप्त अहवाल दिला आणि या संशयाला आधार सापडत नाही, असे त्यात लिहिले. पत्रांतला असंतोष वेगळ्याच गोष्टीचा होता. बरे झाल्यावर घरी न पाठवता पुन्हा खंदकात पाठवतात, हे शिपायांना असह्य होत होते. १९१५ च्या मे महिन्यातला, थेट राजाला उद्देशून लिहिलेला एक निनावी अर्ज दप्तरात आहे. एकदा जखमी झालेल्याला घरी पाठवावे असा राजाचा हुकूम असताना अधिकारी तो पाळत नाहीत, अशी त्यात तक्रार आहे, आणि अकरा रुपयांसाठी जीव दिल्याचा उल्लेखही आहे. अकरा रुपये हा शिपायाचा महिन्याचा पगार. असा हुकूम खरोखर होता का? तसा कागद नाही. पण हुकूम होता या समजुतीवर शेकडो माणसे खाटांवर दिवस मोजत होती, ही समजूत हाच इथला ऐतिहासिक पुरावा.

घरून येणाऱ्या पत्रांचे काय? आगबोटीने पत्र जाऊन उत्तर यायला महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणजे ‘हाताला गोळी लागली’ हे वाचून आईने विचारलेला प्रश्न पोचेपर्यंत मुलगा बरा होऊन पुन्हा खंदकात गेलेला असे, किंवा बरा झालेलाच नसे. उताऱ्यांतली बहुतेक पत्रे बाप, भाऊ, चुलते किंवा पलटणीतले सोबती यांच्या नावे आहेत. बायकोच्या नावे फार थोडी. यावरून ओढ कमी होती असे ठरवणे घाईचे होईल. पत्र गावात मोठ्याने वाचले जात होते. सगळ्यांसमोर वाचले जाणार हे ठाऊक असलेला माणूस बायकोला जे सांगायचे ते बापाच्या पत्रात, ‘घरी सर्वांस’ या शब्दांत घालतो. तिकडे सेन्सॉर आणि इकडे चावडी, असे दोन पहारे त्या पत्रावर होते.

जे परतले नाहीत, त्यांच्यापैकी हिंदू आणि शीख अशा ५३ जणांचे दहन ब्रायटनबाहेर पॅचमच्या टेकडीवर झाले. मुसलमानांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरले. टेकडीवर पुढे संगमरवरी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुशिल्पकाराचा, आणि १ फेब्रुवारी १९२१ ला युवराज एडवर्डने तिचे उद्घाटन केले. छत्रीवर मात्र एकही नाव नव्हते. ५३ नावे दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये, छत्रीशेजारी.

जानेवारी १९१६ नंतर ब्रायटनच्या हिंदी खाटा रिकाम्या झाल्या. हिंदी पायदळ तोवर फ्रान्समधून निघून गेले होते. फ्रान्समध्ये मागे राहिलेल्या घोडदळाची पत्रे पुढेही वाचली गेली आणि खंड जाड होत गेले. पण रुग्णालयातल्या मराठ्याचे पत्र हवे असेल, तर आता लंडनपेक्षा इकडेच शोध घ्यावा, असे मला वाटते. लंडनला गेला तो उतारा. मूळ कागद पुढे पाठवला गेला असेल, तर तो एखाद्या घरच्या ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांत, पोथीच्या रुमालात असू शकतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातली ४६ माणसे त्या युद्धात कामी आली असे तिथे सांगतात. एका गावातून इतके गेले, तर पत्रे किती आली असतील?

असा कागद हाती आला, तर तीन गोष्टी पाहाव्या. पाकिटावर साध्या टपाल कचेरीऐवजी लष्करी फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि सेन्सॉरची मोहोर आहे का. मजकुरात कुठे ओळ शाईने माखून बुजवली आहे का, आणि उजेडासमोर धरल्यावर खालचे अक्षर दिसते का. आणि वर, नमस्कारानंतरच्या पहिल्या ओळीत काय आहे. तिथे ‘इकडील कुशल’ असेल, तर ती ओळ लंडनच्या कुठल्याही खंडात सापडणार नाही.